ताडपत्रीची चार टोकं

खाडीकाठी त्याला सगळे ताडपत्रीकाका म्हणायचे. खरं नाव कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी ते मनावर घेतलं नाही. धंदा म्हणाल तर होड्यांचे तळ साफ करायचा. वर्षभर पाण्यात राहिलेली होडी बाहेर काढली की तिच्या तळाला शेवाळ, चिकट गाळ आणि दगडासारखे कठीण बारीक शिंपले असे काही बसलेले असतात की बघणाऱ्याला शिसारी यावी. ते खरवडायचं, जुना रंग उतरवायचा, नवा लावायचा. यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात, कारण सगळे ते काम करतात तरी कसं? होडी काठावर कलती करायची, खराखरा खरवडायची, पाण्याचा पाइप सोडायचा आणि सगळी घाण खाडीत. झालं, घरी जाऊन ताणून दिली! आणि तळाचा रंग म्हणजे काही दाराखिडक्यांचा रंग नव्हे. शिंपले धरू नयेत म्हणून त्यात विष कालवलेलं असतं. तळावर आहे तोवर ते होडीच्या कामाचं, एकदा पाण्यात गेलं की जो तोंड लावेल त्याच्या नशिबाचं.

काका होडी थेट घराच्या अंगणात आणायचा. पाण्यापासून लांब, मागच्या भिंतीला लागून, जिथे उतार खाडीकडे नाही, घराकडे आहे. खाली ही भलीमोठी ताडपत्री, कडेने वाळूच्या पिशव्यांचा बांध. पाइपला हात लावायचा नाही, फक्त बादली आणि फडकं. खरवडण्याआधी तळ ओला करून घ्यायचा, म्हणजे धूळ उडत नाही. फडकं पिळलेलं पाणी पिंपात जायचं, पिंपाच्या बुडाला बसलेला गाळ पोत्यात, आणि पोतं गावाबाहेर विषारी कचरा घेतात तिथे. वेळ लागायचा, लागणारच. येणारेजाणारे थट्टा करायचे, "काका, होडी घासताय की बाळाला न्हाऊ घालताय?"

"माझ्या लेकीला एवढं घासलं असतं तर ती आज मंत्री झाली असती," काका म्हणायचा आणि पुन्हा खाली वाकायचा.

पण खरं सांगू? ही अक्कल काकाची नव्हतीच. बायकोची होती.

ती लग्न होऊन आली तेव्हा दागिन्यांचं नाव नव्हतं, पण माहेरून एक टोपलीभर बदकं घेऊन आली होती. दाराशी आल्याआल्या आधी बदकं खाली सोडली, मग स्वतः आत आली. घरचे बघतच राहिले. सकाळ-संध्याकाळ ती घाटाच्या खालच्या पायरीवर उभी राहायची, हातात कोंड्याचं घमेलं, आणि "या या या" अशी साद घालायची. आवाज असा गोड की बदकं तर यायचीच, काकाही हातातलं काम टाकून यायचा. "तुम्हाला नाही बोलवलं," ती म्हणायची. "मग कोंडा तरी दे," हा म्हणायचा. नव्या नवलाईचे दिवस ते.

तेव्हा काकाही चारचौघांसारखाच होता. होडी काठावर कलती केली, खरवडली, लाल पाणी खाडीत सोडून दिलं. बदकं तिथेच गाळात चोची खुपसत होती. आधी एक मान टाकून बसलं, मग दुसरं, आणि बघता बघता टोपली रिकामी झाली. तिने एकेकाला उचलून भिंतीच्या कडेला पुरलं. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काका पुढे कितीदा तरी म्हणाला. नंतरची होडी आली, तशी ती घरातून आपल्या अंथरुणाच्या चादरी घेऊन आली. एकीला एक शिवून त्यांचं एक मोठं पांघरूण केलं होतं. ते तिने होडीखाली पसरलं, चारी कडांवर दगड ठेवले आणि म्हणाली, "आता खरवडा."

चादरी जाऊन पुढे ताडपत्री आली. रीत तीच राहिली, आणि त्या रीतीतलं एक काम दोघांशिवाय होतच नाही. खरवडून झालं की ताडपत्रीवर लाल पापुद्रे, भुगा, शिंपल्यांचा चुरा पडलेला असतो. दोन टोकं त्याने धरायची, दोन तिने. मग एकमेकांकडे चालत यायचं, जपून, सारख्या चालीने. कुणी एक जरी घाईत आला की खरवड एका अंगाने निसटलीच म्हणून समजा. ती म्हणायची, "या." तो म्हणायचा, "आलो." खरवड मधे पोटात गोळा व्हायची, हात हाताला लागायचे, ती आपली दोन टोकं त्याच्याकडे द्यायची आणि खाली बसून पोत्याचं तोंड उघडून धरायची. आयुष्यभर हे असं चाललं. लेक याच अंगणात रांगली, शिकली, सासरी गेली. खाडीतलं पाणी त्यांच्या पायरीपाशी तळ दिसेल असं नितळ राहिलं.

मग तिला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग भाजीतलं मीठ, मग दुकानातून घरी यायची वाट. आणि एका सकाळी काकाने चहा पुढे केला तर पदर सावरून अगदी अदबीने म्हणाली, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? हे येतीलच एवढ्यात." काकाने कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन होडीच्या आडोशाला उभा राहिला. कधी ओळखायची, कधी नाही. ओळखलं की तो दिवस त्याला सणासारखा वाटायचा.

एकदा तिने गॅस सुरू केला आणि काडी ओढायचं विसरून देवाच्या नावाचा जप करत बसली. नेमकी लेक त्या दिवशी आलेली. तिला वास आला, तिने खिडक्या उघडल्या आणि मग बापाला अंगणात गाठलं.

"बाबा, आता पुरे झालं. आईला म्हाताऱ्यांच्या निवाऱ्यात ठेवू. तिथे बायका आहेत, डॉक्टर आहे."

"मी आहे ना इथे. दिवसभर डोळ्यांसमोर असते माझ्या."

"तुमचे डोळे होडीच्या खाली असतात!"

आता लेकीला नावं ठेवायचं कारण नाही. तिची दोन खोल्यांची जागा, तिसरा मजला, पाळीची नोकरी. आईला स्वतःकडे कुठे नेणार होती बिचारी? शेवटी बापलेकीत तोड निघाली. काकाने घरीच काम करायचं, बायकोला नजरेआड होऊ द्यायचं नाही. पण पुन्हा काही भलतंसलतं घडलं तर आई निवाऱ्यात जाणार, मग बाबांनी मधे पडायचं नाही. काकाने मान डोलावली. तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला. तिला अंगणात खुर्चीवर बसवायचा आणि खरवडता खरवडता दर थोड्या वेळाने होडीखालून डोकं काढून बघायचा.

गंमत अशी की ताडपत्री ती विसरली नव्हती. काम संपून त्याने फरशीवर खरवडणी टाकली, की तो आवाज ऐकून ती आपोआप उठायची, आपली दोन टोकं धरायची आणि म्हणायची, "या." नवऱ्याला ओळखत नसली तरी समोरची टोकं धरणारा माणूस तिला चालायचा. काकाला तेवढंही पुरे होतं. त्यासाठी तो खरं तर गरज नसताना दिवसातून दोनदोनदा ताडपत्री आवरायचा.

तर त्या दिवशी अंगणात एका डॉक्टरची शिडाची होडी होती. तळाला लाल रंगाचे जुने थर, नुसते पापुद्रे सुटलेले. खरवड पुष्कळ निघाली. दोघांनी टोकं धरली, गोळा केली, पण ओतायला जातात तर पोत्याची शिवण बुडाशी उसवलेली. काकाने खरवड तात्पुरती घमेल्यात काढली आणि दाभण-सुतळी आणायला आत गेला. आता दाभण जागेवर कशी असणार? हल्ली बायको वस्तू कुठेही ठेवायची. त्याने फळी बघितली, खण बघितला, शेवटी दाभण साखरेच्या डब्यात सापडली. स्वतःशीच हसला तो. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "या या या..."

कितीतरी वर्षांनी तो आवाज! तसाच गोड, तसाच लांबवलेला. तो साखरेचा डबा हातात धरून ऐकत उभा राहिला, त्याला इतकं बरं वाटलं. आणि मग एकदम डबा टाकून बाहेर धावला.

ती खालच्या पायरीवर उभी होती. घमेलं कमरेवर, आणि मुठी भरभरून ती लाल खरवड पाण्यात फेकत होती. तिखटाचा डबा लवंडावा तसं पाणी लाल झालेलं. ओहोटी लागली होती आणि तो लाल पट्टा सरकत सरकत वळणाकडे निघाला होता.

"अगं, काय केलंस हे!"

उभ्या आयुष्यात तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. ती दचकली, तिच्या हातून घमेलंच सुटलं आणि उरलेलंही पाण्यात गेलं. "बदकं उपाशी होती हो," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून रडायला लागली. "मारू नका. माझ्या ह्यांना बोलवा. कुणीतरी ह्यांना बोलवा."

काय वाटलं असेल त्याला? ज्या विषाने तिची बदकं मेली, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाऊ नये म्हणून जिने आपल्या अंथरुणाच्या चादरी होडीखाली घातल्या, तिने तेच आपल्या हाताने नसलेल्या बदकांना घातलं. त्याने तिला वर आणून खुर्चीवर बसवलं, शाल गुंडाळली, दोन्ही हात शालीत घातले आणि मच्छरदाणीचा तुकडा घेऊन पाण्यात उतरला. तरंगणारं हाती लागलं तेवढं गोळा केलं. जड होतं ते केव्हाच बुडालं होतं.

वळणापलीकडे शेजाऱ्याची शिंपल्यांची शेती होती. दोरांना टांगलेल्या टोपल्या, त्यांत वाढवलेले शिंपले, त्यावर त्याचं घर चालायचं. लहानपणापासूनचे दोस्त दोघं. काका गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? ओहोटीने सगळं समुद्रात नेलं असतं, म्हणणारे असंही म्हणतील. पण ते शिंपले लोकांच्या ताटात जातात. तो ओल्या कपड्यांनिशी काठाने धावत सुटला.

"टोपल्या वर घे! रंग येतोय पाण्यातून, माझ्याकडचा!"

शेजाऱ्याला आधी थट्टाच वाटली. "तुझ्याकडचा? तुझ्या अंगणातला? जा रे!" मग पाणी बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोघांनी मिळून टोपल्या ओढल्या. थोड्या वाचल्या, बाकीच्यांवर लाल कण बसले ते बसलेच.

बातमी लागताच पाणीखात्याचा साहेब उन्हं कलायच्या आत आला. तरुण गृहस्थ, काकाला मानणारा. नव्या लोकांना सांगायचा की तळ कसा साफ करतात ते या अंगणात जाऊन बघा. आणि नेमकी त्याच वेळेला लेक फाटकातून आत आली. अंगणात साहेब, शेजारी, लेक. खुर्चीवर ती, हात शालीत.

"काका, झालं कसं हे?" साहेबाने विचारलं.

काकाने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा लेकीकडे. त्याला दोन्ही कळत होतं. हिने केलं म्हणावं तर उद्या ही घरात दिसणार नाही. मी केलं म्हणावं तर घरी काम करायचा परवाना जाणार, ज्याच्या हातून रंग पाण्यात गेला त्याचा परवाना रद्द, नियमच तसा होता, आणि तो नियम करा म्हणून साहेबाच्या कचेरीत पहिला गेलेला माणूस काकाच होता. विचार करायला वेळ नव्हता. एवढंच मनात आलं की परवान्याचं पुढे बघू, आज ही घरात राहिली पाहिजे.

"माझ्या हातून," तो म्हणाला. "घमेलं धुवायला पायरीवर नेलं. पाय सरकला."

"घमेलं? पायरीवर? तुम्ही नेलंत?"

"म्हातारा झालो साहेब. वेंधळेपणा झाला."

 साहेब जमिनीकडे बघत म्हणाला, "मला बंद करावं लागेल काका. ही होडी अर्धी झालीय, एवढी पुरी करा. यापुढे करायचं तर गोदीत जाऊन."

शेजारी पुढे आला.  "जन्मभर आम्हाला शिकवत आलास. ताडपत्री काय, बांध काय. आणि शेवटी तूच घाण केलीस होय?" काकाने मान वर केली नाही.  शेजारी गेला तो पुन्हा त्या फाटकातून आत आला नाही.

लेक आईला आत घेऊन गेली. थोड्या वेळाने एकटीच बाहेर आली, हातात बादली.

"बाबा, आईच्या नखांत लाल आहे."

"खरवडीत हात घातला असेल."

"बाबा..."

"ते पाणी पिंपात ओत," काका म्हणाला. "खाली सांडू नकोस."

तिने पिंपात ओतलं. मग तिथेच पिंपाला धरून मुसमुसत उभी राहिली, पण आईला निवाऱ्यात न्यायचं त्या दिवशी तिने काढलं नाही. काकाला वाटलं, जमलं. वाचवली आपण हिला.

कसलं जमलं हो! पोट भरायला गोदीत जाणं आलं. गोदी लांब, दिवसभराचं काम. पहिल्या दिवशी तो तिलाही बरोबर घेऊन गेला, तर ती लोखंडी साखळ्यांच्या आणि हाकांच्या गोंगाटात भांबावली, जड माल उचलणाऱ्या यारीखाली जाऊन उभी राहिली. फाटकावरच्या रखवालदाराने दोघांना परत पाठवलं. पूर्वी शेजाऱ्याची बायको येऊन बसली असती तिच्यापाशी, आता कुठल्या तोंडाने विचारणार? घरी कोंडून गेला तर परत येईपर्यंत ती दारावर हात आपटून आपटून दमलेली. बोटं सुजली होती. त्या सुजल्या बोटांना तेल लावता लावता काकाने लेकीला फोन केला. तिने काही विचारायच्या आधीच म्हणाला, "तू म्हणत होतीस ते निवाऱ्याचं. बघ."

ज्या गोष्टीसाठी खोटं बोलला, नाव घालवलं, दोस्त घालवला, तीच गोष्ट शेवटी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली. लेक फोनवर रडली. तो रडला नाही. होडी पुरी करायची होती.

तिला निवाऱ्यात न्यायच्या दिवशी सकाळी डॉक्टरच्या होडीचा शेवटचा थर उतरला. त्या अंगणातली ती शेवटचीच होडी. काकाने खरवडणी फरशीवर टाकली, आणि खुर्चीवरून ती उठली. अंगावर लेकीने नेसवलेली परीटघडीची साडी, केस नीट विंचरलेले, जणू कुठे पाहुणी निघाली आहे. तिने आपली दोन टोकं धरली. बोटांची सूज अजून उतरली नव्हती, तरी पकड तीच.

"या," ती म्हणाली.

"आलो."

ती चालत आली, तोही चालत गेला. जपून, सारख्या चालीने. तो शक्य तेवढा सावकाश चालला, तरी ताडपत्री ती केवढी असणार? हात हाताला लागले. रोज ती टोकं देऊन मोकळी व्हायची, आज सोडेना. इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही इथे कामाला आहात ना? एक सांगू? पण कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"मी ना, खाडीत काहीतरी टाकलं. वाईट होतं ते. मला माहीत नव्हतं." तिचे डोळे भरून आले. "आमच्या ह्यांना सांगू नका हं. फार जपतात हो ते पाण्याला. त्यांना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत."

आत लेक पिशवी भरत होती. कपाटाचं दार लावल्याचा आवाज बाहेर आला.  मी तोच आहे गं, असं काकाला म्हणावंसं वाटलं, पण ते म्हटलं असतं तर ती केवढी घाबरली असती, आणि त्यावर पुढे सांगायला त्याच्याकडे तरी काय होतं?

"नाही सांगणार," तो म्हणाला.

"नक्की ना?"

"नक्की."

"भला माणूस दिसता," ती म्हणाली. मग तिने आपली दोन टोकं त्याच्या हातात दिली, साडी सावरून खाली बसली आणि पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. काकाने खरवड हळूहळू आत ओतली, एक कणही बाहेर पडू दिला नाही.